मिठाच्या रस्त्यांवर कुठली गाडी टिकते? निवड, तपासणी आणि निगा

डेट्रॉइट शहराच्या पोटात, जमिनीखाली सुमारे १,२०० फुटांवर, मिठाची खाण आहे. ज्या शहरानं जगाला मोटारी दिल्या, त्याच्याच खाली मोटारी खाणारा माल साठलेला आहे. तिथून काही तासांवर, ह्यूरॉन सरोवराच्या काठी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं गॉडरिच गाव लागतं. तिथली खाण सरोवराच्या तळाखाली पसरली आहे आणि जगातली सर्वांत मोठी भूमिगत मीठखाण म्हणून ओळखली जाते. नोव्हेंबर लागला की हे मीठ ट्रकांतून रस्त्यांवर येतं. कॅनडात वर्षाला सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर पडतं, अमेरिकेत त्याच्या काही पट. एप्रिल येईपर्यंत त्यातलं थोडं तुमच्या गाडीच्या सांध्यांत जाऊन बसलेलं असतं.

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मिनेसोटा, ओंटारिओ या पट्ट्यात नव्यानं आलेली मराठी मंडळी पहिल्या हिवाळ्याआधी हमखास विचारतात, “कुठली गाडी गंजत नाही?” आणि उत्तरही ठरलेलं असतं: “टोयोटा घ्या, डोळे झाकून.” इंजिनापुरता हा सल्ला बराचसा खरा आहे. गंजाच्या बाबतीत मात्र तो अर्धाच खरा, आणि उरलेला अर्धा महागात पडतो.

सगळ्याच गाड्या गंजतात. फरक असतो तो कुठे गंजतात, किती वर्षांनी गंजतात आणि तुम्हाला वेळेत दिसतं की नाही, यात. आजच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा चांगलाच टिकतो. गाडी मरते ती खालून: ब्रेकच्या नळ्या, सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट), स्प्रिंग बसतात त्या जागा, पेट्रोलच्या टाकीचे पट्टे. त्यामुळे चकचकीत दारं पाहून गाडी निवडणं म्हणजे चुकीच्या ठिकाणी पाहणं. पुढचं सगळं हे गृहीत धरून लिहिलं आहे.

आधी मीठ समजून घ्या

साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सिद्धांतानं उणे २१ अंश सेल्सियसपर्यंत बर्फ वितळवू शकतं. प्रत्यक्षात उणे ९-१० च्या खाली त्याचा वेग इतका मंदावतो की उपयोग राहत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. वादळ येण्याआधीच रस्त्यावर समांतर पांढऱ्या रेघा दिसतात ना, ते साधारण २३ टक्क्यांचं खारं पाणी असतं. ते रस्त्याला चिकटून राहतं, तसंच गाडीच्या तळालाही चिकटतं.

कोकणात किंवा गोव्यात समुद्राकाठी राहिलेल्यांना खारी हवा लोखंडाचं काय करते हे वेगळं सांगायला नको. इथे फरक एवढाच, की मीठ हवेतून हळूहळू येत नाही. टायर ते द्रवरूपात जोरानं खालून मारतात, ते थेट सांध्यांत घुसतं. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतो. मीठ त्या पाण्याला वीजवाहक करतं आणि क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडतं. शिवाय साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की ओलं होतं, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्लोराइड एक तृतीयांश आर्द्रतेलाच पाणी ओढून घेतात. म्हणजे गाडी कोरडी दिसते तेव्हाही सांध्याच्या आत ओलावा असतोच.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. हीटर लावलेल्या उबदार गॅरेजात गाडी जास्त गंजते. बाहेर उणे १५ मध्ये चिखल गोठलेला असतो आणि रासायनिक क्रिया जवळजवळ थांबलेली असते. गॅरेजात तो वितळतो आणि रात्रभर काम करतो. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. म्हणून गाडी न धुता उबेत ठेवायची असेल तर त्यापेक्षा बाहेर राहिलेली बरी.

पत्र्यावर काय चढवलेलं असतं

आपल्याकडे छपराला जो जीआय पत्रा वापरतात, त्याच तत्त्वावर गाडीचा पत्रा तयार होतो: पोलादावर जस्ताचा थर. गाडीच्या पत्र्यावर तो साधारण ७ ते १० मायक्रॉनचा असतो. जस्त स्वतः आधी झिजतं आणि पोलादाला वाचवतं, त्यामुळे रंगावर छोटा ओरखडा आला तरी लगेच गंज धरत नाही. त्यावर दुसरं कवच येतं. पूर्ण सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्यानं प्रायमर चढवतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत सुधारत गेली आणि त्यानंतर गाड्यांचं आयुष्य खरोखर वाढलं.

पोर्शेनं ९११ चा सांगाडा १९७६ च्या मॉडेलपासून जस्तलेपित पत्र्याचा केला. ऑडीनं १९८५ मध्ये ऑडी १०० ची पूर्ण बॉडी जस्तलेपित केली; अमेरिकेत ती ऑडी ५००० या नावानं विकली जाई. नंतर बहुतेकांनी ती वाट धरली, पण सगळ्यांनी सारख्या प्रमाणात नाही. काहींनी फक्त बाहेरची पॅनेलं लेपित केली आणि आतली तशीच ठेवली.

अॅल्युमिनियम तांबडं गंजत नाही, हे खरं. पण जिथे ते पोलादाला लागतं तिथे मिठाच्या पाण्यात विजेचा छोटा घट तयार होतो आणि अॅल्युमिनियम झिजतं. रंगाखाली पांढरी पूड धरते, फोड येतात. २००० च्या दशकातल्या काही फोर्ड गाड्यांची बॉनेटं पुढच्या काठाला अशीच फुगली होती. अॅल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश कधीही घासू नका. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि दुखणं वाढतं.

स्टेनलेसचं आकर्षण जुनं आहे. डीलोरियनची बाहेरची पॅनेलं स्टेनलेसची होती, पण खालची फ्रेम साध्या पोलादाची, आणि ती गंजायची. गाडीचं आयुष्य कुठे ठरतं हे एवढ्या एका गाडीनं दाखवून दिलं.

मग कुठली घ्यावी?

निव्वळ गंजरोधावर क्रम लावायचा तर ऑडी, पोर्शे आणि व्होल्व्हो यांना मी वर ठेवतो. तिघांचीही पत्रा आरपार गंजण्याविरुद्धची वॉरंटी १२ वर्षांची आहे, बीएमडब्ल्यूचीही तेवढीच. टोयोटा, होंडा, सुबारू, माझदा आणि फोर्ड ५ वर्षांवर थांबतात, ह्युंदाई ७ वर. कंपनीचा स्वतःच्या पत्र्यावर किती भरवसा आहे याचा अंदाज त्यावरून येतो. मात्र वॉरंटी फक्त आतून बाहेर भोक पडलं तरच लागू होते. वरवरचा गंज, फोड, सस्पेन्शन, ब्रेकच्या नळ्या यांतलं काही त्यात बसत नाही. व्होल्व्होबद्दल आणखी एक गोष्ट: त्यांनी ब्रेकच्या नळ्यांसाठी तांबं-निकेलचा मिश्रधातू इतरांच्या कितीतरी आधी वापरायला घेतला, आणि तो मिठाला दाद देत नाही.

पण जुनी ऑडी गंजली नाही तरी तिच्या इलेक्ट्रॉनिक्सचं आणि तेलगळतीचं बिल येतंच. पत्रा शाबूत आणि गाडी गॅरेजात, अशी स्थिती अनेकांच्या वाट्याला येते. आणि नुसता बिल्ला पाहूनही चालत नाही: १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मर्सिडीज ई-क्लास गंजासाठी बदनाम आहेत.

टोयोटाची गोष्ट नीट वेगळी काढायला हवी. कॅमरी, कोरोला, लेक्सस ईएस या एकसंध बॉडीच्या गाड्या मिठात चांगल्या राहतात. वेगळ्या फ्रेमवर बसवलेल्या गाड्यांची कथा दुसरीच आहे. १९९५ ते २००० च्या टॅकोमा पिकअपच्या फ्रेम इतक्या सडल्या, की २००८ मध्ये कंपनीनं त्या बाजारभावाच्या दीडपट किमतीला परत विकत घेण्याची योजना काढली. नंतरच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोयांसाठी २०१६ मध्ये न्यायालयीन तडजोड झाली. सुमारे १५ लाख गाड्या आणि ३.४ अब्ज डॉलरपर्यंतचा अंदाजित खर्च! तेव्हा जुनी टॅकोमा, फोररनर किंवा लेक्सस जीएक्स घेताना फ्रेमवर टॉर्च मारल्याशिवाय पैसे देऊ नका. २०१९ ते २०२१ च्या आरएव्ही४ हायब्रिडला एक खास दुखणं आहे. मागच्या मोटरकडे जाणाऱ्या उच्चदाबाच्या नारिंगी केबलच्या जोडणीत मीठ शिरून ती गंजते. दुरुस्ती फार महाग असल्यानं टोयोटानं त्यासाठी वॉरंटी वाढवली. जुनी हायब्रिड घेत असाल तर त्या वाढीव मुदतीत किती काळ उरला आहे, ते डीलरकडून लेखी घ्या.

होंडाची जुनी सिव्हिक मागच्या चाकांच्या कमानींवर गंजायची. नवीन पिढ्या बऱ्या आहेत. पण २००७ ते २०११ च्या सीआर-व्हीला मागच्या फ्रेमच्या गंजामुळे २०२३ मध्ये मिठाच्या राज्यांपुरता रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीनं गाड्या परत बोलावणं) निघाला, सुमारे ५ लाख ६० हजार गाड्यांचा. बर्फात चालायला सुबारूसारखी गाडी नाही, आणि म्हणूनच तिच्या वाट्याला मीठही जास्त येतं. २०१४ मध्ये ब्रेकच्या नळ्या गंजण्यावरून सुमारे ६ लाख ६० हजार सुबारू परत बोलावल्या गेल्या. माझदाच्या बाबतीत वर्ष पाहा. पहिल्या पिढीची माझदा ३ आणि माझदा ५ यांच्या मागच्या कमानी सडणं इतकं नेहमीचं होतं, की ओंटारिओत ती ओळखच झाली होती. २०१४ नंतरच्या माझदा बऱ्याच सुधारल्या आहेत, त्यांना जुन्या बदनामीची शिक्षा देऊ नये. ह्युंदाई-किया मध्यम. जुन्या सोनाटांना सस्पेन्शनच्या गंजासाठी रिकॉल झाले होते, नव्या चांगल्या आहेत.

पिकअप हवाच असेल तर २०१५ पासूनची फोर्ड एफ-१५०. तिची बॉडी अॅल्युमिनियमची आहे, त्यामुळे केबिनचे कोपरे आणि दाराखालच्या पट्ट्या सडत नाहीत. फ्रेम मात्र पोलादाचीच, तिला दरवर्षी गंजरोधक तेलाचा फवारा लागणारच. जुन्या शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा यांच्या दाराखालच्या पट्ट्या सडतात, फ्रेमवरचा मेणाचा लेप पापुद्र्यांनी सुटतो आणि ब्रेकच्या नळ्या फुटतात. १९९९ ते २००३ च्या या ट्रकांवर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेनं चौकशी केली आणि २०१५ मध्ये ती रिकॉलविना बंद केली. निष्कर्ष असा, की जुन्या गाडीच्या नळ्या झिजणं हे वयाचं लक्षण. मालकांनी तळ धुवावा आणि नळ्या तपासून घ्याव्यात. थोडक्यात, जबाबदारी तुमच्या गळ्यात.

विजेच्या गाडीला सायलेन्सर नाही, पेट्रोलची टाकी आणि तिचे पट्टे नाहीत, तळ बराचसा सपाट झाकलेला. गंजायला जागाच कमी. पण मोटरच वेग कमी करत असल्यानं ब्रेक वापरले जात नाहीत आणि डिस्क व कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) गंजून अडकतात. हिवाळ्यात रिकाम्या रस्त्यावर अधूनमधून पायाचा ब्रेक जोरात दाबून डिस्क साफ करावी.

माझ्या मते पैसे बेताचे असतील तर साधी कॅमरी किंवा कोरोला, आणि पहिल्या वर्षापासून तेलाचा फवारा. एकच गाडी १५ वर्षं वापरायची असेल आणि देखभालीला हात आखडणार नसाल तर व्होल्व्हो. आणि जुनी गाडी घेत असाल तर कंपनीपेक्षा गाडी कुठे वाढली हे महत्त्वाचं. दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात १० वर्षं चाललेली माझदा, न्यूयॉर्क राज्यातल्या बर्फाळ बफेलोत ५ वर्षं चाललेल्या टोयोटापेक्षा खालून तरुण असते. गाडीच्या इतिहासाच्या अहवालात कुठल्या राज्यात किती काळ नोंदणी होती ते वाचा. मात्र टेक्सास किंवा फ्लोरिडातून आलेल्या गाडीचे कागद दोनदा पाहा. २०१७ च्या हार्वे आणि २०२२ च्या इयन वादळानंतर पुरात बुडालेल्या गाड्या बाजारात आल्या होत्या.

जुनी गाडी पाहताना आडवे व्हा

दिवसा जा, गाडी कोरडी असताना जा. सोबत टॉर्च, पुठ्ठा किंवा जुनी सतरंजी, लोहचुंबक आणि एक बोथट स्क्रूड्रायव्हर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. गाडी पसंत पडली तर ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून घ्या. शे-दीडशे डॉलर जातात, पण कितीतरी हजार वाचतात. विकणारा लिफ्टला नाही म्हणाला तर तिथून निघा.

तळाला ताजा काळा रंग दिसला तर आनंद मानू नका, संशय घ्या. दहा वर्षांच्या गाडीच्या तळाला कोणी हौसेनं रंग देत नाही.

सुरुवात ब्रेकच्या नळ्यांपासून करा. पुढून मागे त्या बहुधा एका बाजूनं जातात, प्लास्टिकच्या चिमट्यांत अडकवलेल्या. चिमट्याखाली मीठ साचतं आणि नळी तिथेच फुटते. पेट्रोलच्या टाकीवरून जाणारा भाग तर दिसतच नाही, लिफ्टवर आरशानं पाहावा लागतो. नुसता तपकिरी रंग चालतो; नळी खडबडीत, फुगलेली किंवा पापुद्रे सुटलेली असेल तर ती बदलायची, असं धरून भाव करा. गाडी उभी असताना पेडल काही सेकंद पूर्ण जोरानं दाबून ठेवा. नळी जाणारच असेल तर पार्किंगमध्ये गेलेली परवडली.

मग फ्रेम किंवा सबफ्रेम. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. घट्ट धातूचा खणखणीत आवाज येतो, सडलेल्याचा बसका. मागच्या धुरीवरचा वळणदार भाग आणि स्प्रिंगची बैठक इथे जास्त वेळ द्या, टॅकोमासारख्या ट्रकांत तर विशेष. टोक लावल्यावर ते आत गेलं तर पुढे बघायची गरज नाही.

दाराखालच्या पट्टीत खालच्या कडेला पाणी निघायची छोटी छिद्रं असतात. ती बुजलेली असली तर आत काय चाललं असेल याची कल्पना करा. जॅक लावायच्या जागा चेपलेल्या असतात. रंग उडालेला असतो आणि गंजाची सुरुवात तिथेच होते. हातमोजा घालून मागच्या चाकाच्या कमानीची आतली कड चाचपा. बाहेर रंगावर एक छोटा फोड दिसला, तर आत त्याच्या कितीतरी पट पत्रा गेलेला असतो, कारण तो आतून बाहेर आलेला असतो. नवा रंग दिसेल तिथे लोहचुंबक लावा. पोलादाच्या पॅनेलवर चुंबक धरत नसेल तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

डिकीतला गालिचा उचलून सुट्या चाकाचा खड्डा पाहा. बॉनेट उघडून सस्पेन्शनचे खांब जिथे वर येतात तिथले वेल्ड पाहा. ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट काढून गालिचावर तळवा दाबा. ओला लागला किंवा कुबट वास आला तर बुटांवरून आलेलं मीठ आतून जमीन खात आहे. टाकीचे पट्टे आणि पेट्रोल भरायची नळी विसरू नका. ही नळी गंजून वाफ गळते आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. “काही नाही हो, पेट्रोलचं झाकण सैल आहे,” असं विकणारा सांगतो. कधीकधी ते खरंही असतं.

सायलेन्सर, बोल्ट, धुरी यांवरचा पातळ तांबडा थर पाहून घाबरू नका. तो पहिल्या हिवाळ्यातच येतो. पापुद्रे सुटणारा गंज वेगळा. नळ्या सडल्या असतील तर सौदा होऊ शकतो, त्या तांबं-निकेलच्या बदलून घ्याव्यात. फ्रेम सडली असेल तर कुठल्याही भावात नको.

शेवटी गाडीचा १७ अक्षरांचा ओळख क्रमांक घेऊन सरकारी रिकॉल शोधपानावर टाका. मिठाच्या राज्यांपुरते निघालेले रिकॉल अनेकदा दक्षिणेतल्या गाडीवर झालेलेच नसतात. डीलर ते काम फुकट करून देतो.

तेलाचा फवारा: एवढं एक काम चुकवू नका

इथे मी जरा हट्टी आहे. गाडी कुठलीही घ्या, दर शरद ऋतूत तिच्या तळाला आणि पोकळ भागांत तेल मारून घ्या. ओंटारिओत क्राउन, रस्ट चेक अशी दुकानं गावोगाव आहेत आणि साधारण गाडीला दीडशे-दोनशे कॅनेडियन डॉलर घेतात. अमेरिकेत फ्लुइड फिल्म नावाचं तेल मारून देणारी छोटी गॅरेजं मिळतात. ते मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट पदार्थापासून, लॅनोलिनपासून, बनतं आणि त्याचा उगम १९४० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या गरजेतून झाला. ही तेलं सुकत नाहीत. सांध्यांत सरपटत जातात, पाणी बाहेर ढकलतात, ओरखडा पडला तरी पुन्हा पसरतात. आधीच थोडा गंज असेल तर त्यातही मुरतात आणि त्याचा वेग कमी करतात.

याउलट डांबरी किंवा रबरी कडक लेप पहिली दोन वर्षं छान दिसतो. मग त्याला बारीक भेग पडते, खारं पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. वरून काळंभोर, आतून पोकळ. नवी गाडी घेताना शोरूममधला माणूस डॅशबोर्डखाली बसवायचा विजेचा गंजरोधक डबा विकायचा प्रयत्न करील. जहाजाचा तळ आणि पाइपलाइन पाण्यात किंवा जमिनीत बुडालेले असतात, म्हणून तिथे ती पद्धत चालते. हवेत उभ्या गाडीला तसा सलग विद्युतमार्गच मिळत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९० च्या दशकात अशा एका उपकरणाच्या दाव्यांवर कारवाई केली होती. नम्रपणे नाही म्हणा.

फवारा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पहिलं मीठ पडण्याआधी आणि हवेत थोडी ऊब असताना मारावा. तेल तेव्हा नीट सरपटतं. आधी तळ धुऊन एक-दोन दिवस कोरडा होऊ द्या. दुकानदाराला विचारा: दारांच्या आत, दाराखालच्या पट्ट्यांत, डिकीच्या झाकणात मारता का? नुसता तळ रंगवणाऱ्याकडे जाऊ नका. काही ठिकाणी छिद्रं पाडून आत नळी घालतात आणि प्लास्टिकचं बूच लावतात. नव्या गाडीला छिद्र पाडण्याआधी वॉरंटीचं पुस्तक वाचा, शक्यतो मूळचीच छिद्रं वापरायला सांगा. नंतर दोन-तीन दिवस तेल ठिबकतं. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाका, नाहीतर शेजाऱ्यांची चिठ्ठी येते.

घरी करायचं तर कॉम्प्रेसर, लांब लवचीक नळीचा फवारणी पंप, मजबूत रॅम्प, चश्मा आणि मास्क लागतो. ब्रेकच्या डिस्क, पॅड, इंजिनाचे पट्टे आणि सायलेन्सर यांवर तेल जाऊ देऊ नका. रबरी बुशांवरही सढळ हातानं मारू नका, काही प्रकारचं रबर तेलानं फुगतं.

हिवाळ्यात धुणं

रोज धुण्यात अर्थ नाही. वादळ गेलं, रस्ते कोरडे झाले, पारा शून्याच्या वर आला की धुवा, आणि तळाला खालून पाणी मारणारा पर्याय घ्या. बाहेरच्या रंगावरची पांढरी पूड डोळ्यांना खुपते एवढंच. खरी घाण चाकांच्या कमानीत आणि फ्रेमच्या खाचांत असते. बरीच धुलाई केंद्रं पाणी पुन्हा वापरतात, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचं मीठ तुमच्या गाडीला. शेवटचं पाणी ताजं असतं का ते विचारून घ्या. उणे १५ मध्ये धुवाल तर दारं आणि कुलपं गोठतील. कमानीत कापडी अस्तर असेल तर ते स्पंजासारखं खारा चिखल धरून ठेवतं, त्यावर हातानं पाणी मारायला हवं.

क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. इतरत्रही बहुतेक जण वर्षातून दोनदा चाकं बदलतात. चाकं निघालेली असतील तीच पाहणीची वेळ. कमानी, ब्रेकच्या नळ्या, स्प्रिंग यांचे फोटो काढून ठेवा आणि मागच्या वर्षीच्या फोटोंशी ताडून पाहा. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून ग्रीस लावून घ्या.

आत उंच काठाचे रबरी मॅट ठेवा आणि त्यातलं पाणी साचू न देता ओता. एप्रिलमध्ये पावसानं रस्ते धुतले गेले की एक दिवस राखून ठेवा: तळ खालून दोनदा धुवायचा, गालिचा उचलून वाळवायचा, दारांची छिद्रं तारेनं मोकळी करायची, काचेखालच्या खाचेतली कुजलेली पानं काढायची. पारा चढल्यावर उरलेलं मीठ भराभर काम करतं, म्हणून हे उन्हाळ्यावर ढकलू नका.

गंज दिसला तर, आणि कधी सोडून द्यावी

दगड लागून रंग उडाला असेल तर त्याच आठवड्यात टच-अप करा. वरवरचा गंज तारेच्या ब्रशनं चकचकीत धातूपर्यंत घासा. खाचेत उरलेल्यावर गंज स्थिर करणारं रसायन लावा, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग. पोलादावरच हे करा, अॅल्युमिनियमवर नाही. जिथे भोक पडलं आहे तिथे लांबी भरून रंग मारणं म्हणजे फक्त पुढच्या गिऱ्हाइकाची फसवणूक. दाराखालची पट्टी कापून नवी वेल्ड करता येते, आणि इंजिन चांगलं असेल तर तो खर्च परवडतो. फ्रेम, सबफ्रेमच्या बैठका, सीटबेल्टच्या खुंट्या यांजवळ सड पोहोचली असेल तर परवडत नाही.

व्हरमाँट आणि पेनसिल्व्हेनियात दरवर्षी सुरक्षा तपासणी असते, आणि आरपार गंजलेली गाडी तिथे नापास होते. ओंटारिओत गाडी दुसऱ्याच्या नावावर रस्त्यावर चालवण्यासाठी चढवायची तर सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, आणि सडलेला पत्रा त्यातही अडवतो. मिशिगनमध्ये अशी वार्षिक तपासणीच नाही. तिथे पंधरा वर्षांच्या गाडीच्या ब्रेकच्या नळ्या शेवटच्या कोणी पाहिल्या, याचं उत्तर बहुधा “कोणीच नाही” असं असतं. तेव्हा दहा वर्षांवरच्या गाडीचं तेल बदलायला जाल तेव्हा, गाडी लिफ्टवर असतानाच, मेकॅनिककडून टॉर्च मागून घ्या आणि स्वतः एकदा मागेपर्यंत पाहून या. विकायचीच असेल तर ऑगस्टमध्ये विका. गिऱ्हाईक गाडीखाली वाकून बघेल, त्याला बघू द्या.